फॅमिली हॉल वेगळा आहे

राज्यातल्या कुठल्याही हमरस्त्यानं निघा, थोड्या थोड्या अंतरावर पाटी भेटते: 'बार अँड फॅमिली रेस्टॉरंट'. त्यात बार ठळक आणि फॅमिली बारीक. आमच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या पुण्याईनं सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. त्यामुळे पाटीवरचा पहिला शब्द गळाला आणि बिचारी फॅमिली तेवढी उरली. तरीही 'फॅमिली हॉल वेगळा आहे' ही सूचना लावायची रीत काही सुटलेली नाही. कोणापासून वेगळा, हे विचारायचं नसतं. जिल्हा कोरडा असल्याची नोंद सरकारदरबारी आहे. बाहेरच्या हॉलमधली मंडळी कोल्ड्रिंकची बाटली टेबलाखाली का ठेवतात, याची नोंद कोणी घेत नाही. ज्यांना टेबलाखाली वाकायला आवडत नाही, ते वर्धा नदी ओलांडून यवतमाळ नाहीतर अमरावती जिल्ह्यात जातात. नदीचा असाही उपयोग असतो.

14 जुलै 2025 रोजी मद्यावरच्या करवाढीविरुद्ध राज्यभरातल्या बारवाल्यांनी बंद पाळला. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे काळजीचे फोन आले, तुमच्याकडे कसं काय आहे म्हणून. आमच्याकडे सारं शांत होतं. आमच्याकडचा बंद पन्नासेक वर्षं व्यवस्थित चालू आहे.

तर अशा जिल्ह्यात, सिंदी मेघे नावाच्या गावात, आमच्या घराचं एक ठरलेलं हॉटेल आहे. सिंदी मेघे म्हणजे वर्धा शहराला खेटलेलं गाव. कागदावर ग्रामपंचायत, रस्त्यावर शहर आणि पावसाळ्यात दोन्हीपैकी काहीच नाही. हॉटेलचं नाव मी लिहीत नाही. नाव छापलं तर मालक पुढच्या खेपेला बिल घेणार नाही, आणि बिल दिलं नाही तर मला खोड काढता येणार नाही.

हॉटेल साधं आहे. सनमाइकाची टेबलं, स्टीलचे जग, गल्ल्यामागे गजानन महाराज आणि त्यांच्या शेजारी तुकडोजी महाराज. एका कोपऱ्यात लोखंडी कूलर, त्याच्यासमोरच्या टेबलाला एप्रिल-मे महिन्यांत आमदारकीच्या तिकिटाइतकी मागणी. मालक सत्तरीचा, वेटर त्याच्याच वयाचा. पदार्थ म्हणाल तर डाळभाजी, आलू-वांगं, पाटोडी रस्सा, ज्वारीची भाकर, ठेचा आणि रविवारी कढीगोळे. हे सहा पदार्थ तिथला आचारी झोपेतही करील. मेनूकार्ड मात्र बारा पानांचं आहे, आणि वरचे पदार्थ शोधायचे तर शेवटच्या पानावर तळाशी, 'मिनरल वॉटर'च्या आधी सापडतात. उरलेली पानं आमच्यासारख्या फॅमिल्यांच्या आग्रहावरून छापली गेली.

आम्ही गेलो तो दिवस तान्ह्या पोळ्याचा. आदल्या दिवशी घरी पुरणपोळ्या झालेल्या. पुरणाचा राहिलेला गोळा फ्रिजमध्ये आणि सौ.चा स्वयंपाकघराशी असहकार. पुण्याहून लेक-जावई आलेले, मुलगा सुटीवर, नागपूरहून मेहुणा मारबत पाहून निघालेला. श्रावण पोळ्याला संपतो, त्यामुळे महिनाभर उपाशी राहिलेला अर्धा वर्धा त्या संध्याकाळी सावजी भोजनालयांवर तुटून पडला होता. विणकर कोष्ट्यांच्या चुलीवरची ही भाजी, खसखस-खोबऱ्याचा काळा मसाला आणि डोळ्यांतून पाणी काढणारी तर्री, तिच्यापुढे श्रावणातली सात्त्विकता एक रात्रही टिकत नाही. आमची आई शाकाहारी, म्हणून आम्ही आपल्या हॉटेलात. टेबल लगेच मिळालं. मालकाला याचा फार आनंद झालेला दिसला नाही. टेबल लगेच मिळतं याचा अर्थ त्याला आपल्यापेक्षा नीट कळतो.

बसल्याबसल्या पहिला चमत्कार घडला. आमचं सगळं घर मराठी. मालक आर्वीकडचा, वेटर समुद्रपूरकडचा, दोघंही मराठी. पण लेकीनं मेनूकार्ड उघडलं आणि म्हणाली, "भैया, पहले पानी लाना, सादावाला." वेटर म्हणाला, "अभी लाता." मग सौ. म्हणाली, "और कांदा-लिंबू भी लेके आना." कांदा आणि लिंबू मराठीतच राहिले, बाकी वाक्य परप्रांतात गेलं. राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 साली वर्ध्यात स्थापन झाली, हिंदी विद्यापीठ 1997 साली आलं. त्यांचं काम त्यांच्या जागी मोठं आहे. पण मराठी माणसानं मराठी माणसाकडे हिंदीत कांदा मागावा, एवढा सखोल प्रचार फक्त हॉटेलाच्या टेबलालाच साधला आहे. आई तेवढी म्हणाली, "काहून रे बाबू, तुह्या पायाचं कसं आहे आता?" वेटर पहिल्यांदा माणसासारखा हसला. "बरं आहे माय. पावसात ठणकते." त्या टेबलावरचं त्या संध्याकाळचं हे एकमेव खरं संभाषण.

मग मेनूकार्डाचं पारायण. बारा पानं सगळ्यांनी वाचली. दरवेळी वाचतात, दरवेळी नव्यानं. त्यातला भूगोल थक्क करणारा आहे. व्हेज कोल्हापुरी, व्हेज जयपुरी, पनीर लाहोरी, काश्मिरी पुलाव, हैदराबादी बिर्याणी. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे या साऱ्या कोल्हापुरी-जयपुरीच्या अंगाला जी हळद लागते, ती आमच्या जिल्ह्याची असू शकते. पण अख्ख्या मेनूकार्डात वर्ध्याचं नाव फक्त पत्त्यात आहे.

मुलाला मंचुरियन हवं होतं. त्याला वाटतं ते चीनमधून आलं. ते मुंबईतून आलं. नेल्सन वँग नावाच्या आचाऱ्यानं 1975 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात कोंबडीचे तुकडे, आलं-लसूण-हिरवी मिरची, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर यांची जुळणी केली, आणि पुढे कोंबडी जाऊन कोबी आला. एकाच दशकात वर्ध्यातून दारू हद्दपार झाली आणि मंचुरियन राज्यात दाखल झालं. कोणी कोणाची जागा घेतली याचा अभ्यास व्हायला हवा. आमच्या हॉटेलातला आचारी ते मंचुरियन आजही थोडंसं डाळभाजीच्या हातानं करतो. मुलगा म्हणाला, "पप्पा, याला पुण्यासारखी टेस्ट नाही." बरोबर आहे. पुण्यातल्या मंचुरियनला मुंबईसारखी नसेल आणि मुंबईतल्याला वँगसारखी नसेल.

जावई सुशिक्षित. ते म्हणाले, काहीतरी लोकल घेऊ या. आमच्या चेहऱ्यांवर अपराध्यासारखे भाव उमटले. लोकल म्हणजे काय, ते तर घरी रोज होतं! बाहेर येऊन कोणी वरण-भात खातं का? 2023 च्या फेब्रुवारीत 96 वं मराठी साहित्य संमेलन वर्ध्यात झालं, न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर अध्यक्ष होते. त्या तीन दिवसांत बाहेरगावचे साहित्यिक 'अस्सल वैदर्भीय' जेवण शोधत गावभर फिरत होते आणि आम्ही गावकरी त्यांना रस्ता दाखवून आपण पनीर खायला जात होतो. पाहुण्यांना पाटोडी, घरच्यांना पनीर, ही आमची वाटणी तेव्हापासून पक्की आहे. जावयांसाठी सौ.नं मोठ्या मनानं एक हाफ डाळभाजी सांगितली. टेबलावर सहा माणसं, येऊ घातलेला सातवा. हाफ.

बटर चिकन आणि दाल मखनी मुळात कोणी केली, यावरून मोती महल आणि दर्यागंज ही दिल्लीची हॉटेलं दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि 2024 साली तो दावा देशभर गाजला. मोठमोठे वकील, हजारो पानांची कागदपत्रं, सगळं एका डाळीसाठी आणि एका कोंबडीसाठी. आमची डाळभाजी कोणी शोधली? लग्नाच्या पंगतीत बसलेल्या प्रत्येक वैदर्भीयानं ती खाल्ली आहे. तूरडाळ, पालक, भिजवलेले शेंगदाणे, वरून लसूण-मिरचीची फोडणी. पण तिच्यावर हक्क सांगायला कोर्टात कोणी गेलं नाही. जिच्यासाठी भांडायला कोणी तयार नाही ती गोष्ट मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावर जाते, हाफमध्ये.

बाकी सगळं पनीर. पनीर टिक्का, पनीर अंगारा, पनीर तुफानी, नानमध्येही पनीर. विदर्भातल्या लग्नांत पूर्वी बुंदीवरून माणसं रुसायची, आता पनीरचे तुकडे मोजून रुसतात. मार्च 2025 मध्ये आमदार विक्रम पाचपुते बनावट पनीरचा नमुनाच विधानसभेत घेऊन गेले, तेव्हा दोन-तीन आठवडे गावात पनीर शब्द काढला की लोक बोटांनी चेपून दाखवायचे. खरं पनीर दुधाचं, नकली पनीर वनस्पती तेल आणि दूध पावडरचं, आणि कायदा एवढंच म्हणतो की जे 'अ‍ॅनालॉग' आहे त्याला पनीर म्हणून विकू नका. गावानं यातून धडा असा घेतला की पनीरची भाजी मागवायची आणि वेटरला विचारायचं, "ओरिजनल है ना?" वेटर "एकदम ओरिजनल" म्हणतो. झाली तपासणी. आमच्या टेबलावर ती लेकीनं केली. त्यानंतर 22 सप्टेंबर 2025 पासून पॅकबंद पनीरवरचा जीएसटी शून्य झाला. सरकारनंही हात टेकले म्हणायचे.

या सगळ्यात आईनं गांधीजी काढले. आमच्या टेबलापासून सेवाग्राम आठेक किलोमीटर, त्यामुळे कुठल्याही जेवणात ते कधीही येऊ शकतात. 1915 च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात गांधीजींनी व्रत घेतलं होतं: दिवसभरात पाचपेक्षा जास्त पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवायचं नाही. पुढे आश्रमाच्या एकादश व्रतांत 'अस्वाद' आलं. चवीसाठी खायचं नाही, शरीरासाठी खायचं. 1936 साली ते शेगावला राहायला आले, त्या गावाचं पुढं सेवाग्राम झालं, आणि तिथल्या स्वयंपाकघरात उकडलेल्या भाज्या आणि कडुलिंबाची चटणी रुळली. देशभरातले पुढारी सल्ला घ्यायला यायचे आणि ती चटणी खाऊन जायचे. स्वातंत्र्य किती कडू असतं याची पूर्वतयारी तिथं झाली असावी.

आमच्या टेबलावर रात्री साडेआठ वाजता स्टार्टरमध्येच पाचाचा आकडा संपला होता. मसाला पापडावर कांदा, टोमॅटो, सांबार (म्हणजे कोथिंबीर), शेव आणि मिरची. एका पापडात बापूंचा दिवस खलास.

याच वर्ध्यात, मगनवाडीत 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला. जे. सी. कुमारप्पा तिथं बसून हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ यांचं अर्थशास्त्र मांडत होते. तेव्हा शहाण्यांनी त्यांना मागासलेलं ठरवलं. आता हेच तेल 'कोल्ड प्रेस्ड' म्हणून, हाच तांदूळ 'अनपॉलिश्ड' म्हणून आणि हाच गूळ 'ऑरगॅनिक' म्हणून नव्या कॅफेत वाडग्यात घालून मिळतो. मुलीनं पुण्यात खाल्लाय. कितीला, ते तिनं आजीला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. काही गोष्टी घरातल्या शांततेसाठी अज्ञात राहिलेल्या बऱ्या.

इतक्यात मेहुण्याचा फोन.

"भाऊजी, पोहोचलो सिंदीत. तुमचं हॉटेल कुठी आहे? इथी तर लय गर्दी आहे बाप्पा."

"कसली गर्दी?"

"लाकडाचे बैलच बैल आहेत. लेकरं घेऊन हिंडून राह्यले. केवढाले बैल हो!"

सौ.नं कपाळाला हात लावला. वर्धा जिल्ह्यात सिंद्या दोन आहेत. एक आमची सिंदी मेघे, वर्ध्याला लागून. दुसरी सिंदी रेल्वे, सेलू तालुक्यात, नागपूरच्या रेल्वेमार्गावर. तिथला तान्हा पोळा नामांकित आहे, लाकडी नंदी पाहायला गावोगावची माणसं येतात. नागपूरकडून येणाऱ्याला ती आधी लागते, आणि ज्यानं मोबाइलच्या नकाशात नुसतं 'सिंदी' टाकलं त्याला हमखास ती लागते. तिथंच ड्राय पोर्टही मंजूर झालं आहे. दारूबंदीच्या जिल्ह्याला बंदर मिळालं तेही कोरडंच, हा योगायोग बहुधा दिल्लीत कोणाच्या लक्षात आला नसेल. मेहुणा त्या गर्दीत अडकला होता आणि वरून म्हणत होता, "पत्ता तर बरोबर टाकला होता." त्याची चूक नाही. लोकांनी वर्ध्याला यायचं म्हणून सेवाग्राम स्टेशनवर उतरणं आणि सेवाग्रामला जायचं म्हणून वर्धा स्टेशनवर उतरणं, हे आमच्याकडे नित्याचं आहे. सेवाग्राम स्टेशनचं नाव पूर्वी वर्धा पूर्व होतं, हे त्यांना कोण सांगणार?

मेहुणा येईस्तोवर जेवण थांबवायचं की नाही, यावर कुटुंबात दोन तट पडले. आईचं मत, थांबायचं. जावयांचं मत, थांबायला हरकत नाही, पण त्यांनी तिसरा पापड घेतला होता. मुलाचं मत त्याच्या मोबाइलमध्ये होतं. शेवटी असं ठरलं की भाज्या येऊ द्यायच्या, रोट्या थांबवायच्या. भाज्या आल्या आणि थंड झाल्या. मग थंड झाल्या म्हणून परत गरम करायला पाठवल्या. पनीर अंगारा दुसऱ्यांदा गरम केला की त्यातला अंगार जातो आणि रबर उरतं. मेहुणा तासाभरानं आला, हातात एक छोटा लाकडी बैल. बसल्याबसल्या पहिला घास घेतला आणि म्हणाला, "भाऊजी, हे हॉटेल पह्यल्यासारखं नाही राह्यलं."

हे वाक्य प्रत्येक जुन्या हॉटेलात, प्रत्येक टेबलावर, प्रत्येक कुटुंबातला एक माणूस म्हणतोच. तो माणूस बहुधा उशिरा आलेला असतो आणि त्यानं तिथं जे चांगलं मिळतं ते मागवलेलं नसतं. पहिल्यासारखं काय राहिलं नाही? पहिल्यांदा इथं मेहुणा आला तेव्हा त्यानं पाटोडी रस्सा आणि भाकर खाल्ली होती. आज त्याला नान हवा होता, बटर लावलेला, आणि तोही पंजाबातल्यासारखा. आचारी आयुष्यभर भाकर थापत आला. त्याच्या नानला पंजाब कुठून यायचा? पाटोडी आजही तशीच आहे. बेसनाची वडी, वर खोबरं-खसखस-सांबार, आणि काळा रस्सा जो दुसऱ्या दिवशीही कपड्यांवर टिकतो. त्या दिवशी आमच्या आईनं मागवली म्हणून मला माहीत. ती तिनं कोणाला वाढली नाही. "तुम्ही तुमचं पनीर खा," म्हणाली.

डाळभाजीची हाफ प्लेट सगळ्यात आधी संपली. मग प्रत्येकानं वाटी पुसली आणि आणखी एक हाफ मागवावी का, यावर चर्चा केली. मागवली नाही. पनीर उरलं होतं ना!

गोडाला लेकीला सिझलिंग ब्राउनी हवी होती. ती इथं मिळत नाही, हे मालकानं दिलगिरीनं सांगितलं आणि 'पुढच्या महिन्यात चालू करतो' असंही सांगितलं. मी मनातल्या मनात हात जोडले. आईनं पिशवीतून गोरस भांडाराचा गोरसपाक काढला आणि सगळ्यांच्या ताटात एकेक ठेवला. मागे भिंतीवर 'बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई' लिहिलेलं. मालकानं तिकडे पाठ केली आणि गल्ल्यावरची नाणी लावत बसला. त्यालाही एक दिला. त्यानंही खाल्ला.

आता बिल. बिलाच्या वेळी आमच्या घरातले पुरुष अचानक शूर होतात. मेहुण्यानं माझा हात धरला, मी जावयांचा, जावयांनी मोबाइल बाहेर काढला, आणि तिघांच्या या झटापटीत बिल पाण्यात पडलं. वेटरनं दुसरं आणलं. सौ.नं ते हातात घेतलं आणि आकडेमोड सुरू केली: "अर्धा किलो पनीर घरी आणलं असतं तर किती पडलं असतं? एवढ्यात घरी तीन वेळा झालं असतं." घरी तीन वेळा केलं असतं तर सौ.नं तीन वेळा किती ऐकवलं असतं, ती बेरीज कोणी करत नाही. घरातला लाल सिलिंडर 14.2 किलोचा, हॉटेलचा निळा 19 किलोचा आणि व्यापारी दराचा. आमच्या आकडेमोडीत निळा सिलिंडर येत नाही, आचाऱ्याचा पगार येत नाही, कूलरचं वीजबिल येत नाही. पनीर मात्र ग्रॅमपर्यंत येतं.

मग मुलगा म्हणाला, "यात जीएसटी कुठाय? टॅक्स चोरून राह्यले का?" शिकलेल्या पोराला एवढंच शिकवलेलं असतं. वाचकहो, हे ध्यानात ठेवा, उपयोगी पडेल. साध्या हॉटेलात जेवणावर 5 टक्के जीएसटी, हजाराच्या जेवणावर पन्नास रुपये. पण वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असेल तर हॉटेलवाल्याला कंपोझिशन योजना घेता येते. ती घेतली की तो आपल्या उलाढालीवरचे 5 टक्के स्वतःच्या खिशातून भरतो, तुमच्याकडून एक रुपयाही कर म्हणून घेऊ शकत नाही, आणि तसं त्याला बिलावर लिहावं लागतं. आमच्या बिलावर खाली बारीक अक्षरांत ते लिहिलेलं होतं. म्हणजे ज्याला पोरगं करचोर म्हणत होतं, तो त्याचा कर आपल्या खिशातून भरत होता. उलट ज्या चकचकीत जागी पाच टक्क्यांवर दहा टक्के 'सर्व्हिस चार्ज' आपोआप लागतो, तिथं हेच पोरगं मुकाट्यानं मोबाइल दाखवतं. तो चार्ज सक्तीचा करता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं 28 मार्च 2025 रोजी ते कायम ठेवलं. आमच्या हॉटेलात सर्व्हिस चार्ज म्हणजे बडीशेपेच्या बशीत राहिलेली चिल्लर. ती उचलावी की ठेवावी यावरही मेहुण्यानं क्षणभर विचार केला.

पैसे शेवटी आईनं दिले, रोख. आम्ही तिघं मोबाइलवर नेटवर्क शोधत होतो.

बाहेर पडताना मालकाला विचारलं, धंदा कसा काय? म्हणाला, रविवारी बरा, एरवी बसून राह्यतो. पोरगा पुण्यात आयटीत आहे, त्याला हे चालवायचं नाही. कोणी तरी कॅफेसाठी जागा विचारून राह्यलं. मेहुण्याला ते ऐकून फार वाईट वाटलं. "असं नका करू हो," म्हणाला, "आमच्या लहानपणच्या आठवणी आहेत इथं." आठवणी होत्या, पण त्या दिवशी त्यानं आठवणीतलं काही मागवलेलं नव्हतं. मालक काही बोलला नाही. बोलण्यासारखं होतं, पण त्याला पन्नास वर्षांची सवय आहे.

आवडतं हॉटेल म्हणजे काय, हे मला आता नीट कळलं आहे. जिथं आपण फारसं जात नाही, पण जे बंद पडू नये असं आपल्याला फार वाटतं, ते. भाव वीस वर्षांपूर्वीचे हवेत, एसी आजचा हवा, नान पंजाबचा हवा, मंचुरियन पुण्याचं हवं, आणि वेटरनं आपल्याला नावानं ओळखायला हवं. ज्यासाठी ते हॉटेल नावाजलं ते आपण घरी रोज होतं म्हणून मागवत नाही. घरीही ते रोज होत नाही, हे सौ. समोर नसताना सांगतो. घरी रोज जे होतं ते फोनवरून मागवलं जातं, आणि डब्यावर कुठल्या तरी 'क्लाउड किचन'चं नाव असतं.

नव्या कॅफ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचं गिऱ्हाईक त्यांच्याकडे येतं, त्यांचं जे आहे ते मागवतं आणि दाम मोजतं. जुन्या हॉटेलाचं गिऱ्हाईक येतं, जे नाही ते मागवतं, दाम मोजताना घरचा हिशेब काढतं आणि जाताना गहिवरतं. गहिवरावर शटर वर राहत नाही. शटर खाली आलं की मात्र गाव जागं होतं. स्टेटसला फोटो चढतात, 'एका युगाचा अस्त' असा मजकूर फिरतो आणि मग संपादकांचा मला फोन येतो, त्या हॉटेलावर आठशे शब्द द्या, हळवे. चालू हॉटेलावर लिहा, असं आजवर एकानंही सांगितलेलं नाही. म्हणून हा लेख मी न सांगता लिहिला आहे, शटर वर आहे तोवर, आणि हळवा होऊ दिलेला नाही.

तुमच्याही मोहल्ल्यात, पिपरी मेघेत, नालवाडीत, आर्वीला, हिंगणघाटला असं एखादं हॉटेल असेल. तिथं जा. मेनूकार्ड मागू नका, 'आज काय चांगलं झालं' असं विचारा, आणि मराठीत विचारा. डाळभाजी फुल सांगा. नान सांगू नका. बिल आलं की घरच्या पनीरचा भाव मनातही आणू नका. मंगळवार-बुधवारी जा, कूलरसमोरचं टेबल रिकामं असतं. रविवारी मात्र आमच्या हॉटेलात येऊ नका. त्या दिवशी कढीगोळे असतात आणि आमची आई टेबल सोडत नाही.